मद्यपान करून वाहन चालवण्याच्या शिक्षेबाबत खुलासा

दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेल्यास १०,००० रुपये ऑनलाइन भरले की प्रकरण मिटते आणि परवान्याला धक्का लागत नाही, असा संदेश सोलापुरातील अनेक गटांत फिरत आहे. तो मीही पुढे पाठवला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ वाचल्यावर चूक लक्षात आली, याबद्दल दिलगीर आहे.

कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास कैद २ वर्षांपर्यंत आणि दंड १५,००० रुपये होतो. कलम २०० मधील तडजोडीच्या, म्हणजे दंड भरून न्यायालयाबाहेर मिटवता येणाऱ्या, गुन्ह्यांत हा गुन्हा नाही, म्हणून प्रकरण न्यायालयातच जाते.

परवान्याबाबतचा दावा सर्वांत घातक आहे, कारण दोष सिद्ध झाल्यास किमान ६ महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे कलम २० ने न्यायालयावर बंधनकारक केले आहे. रिक्षा किंवा मालट्रकवर ज्याचे घर चालते, त्याला हे ६ महिने दंडाहून कितीतरी जड जातात, आणि आपल्या शहरात अशी घरे थोडी नाहीत.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.