मागनं पळू नका, सायेब

स्वयंपाकघरात फिल्टरखाली बादली लावून हे लिहितोय. दर चार सेकंदांनी 'टप्' होतं. वाक्य मध्येच तुटलं तर दोष त्याचा.

'आमचा माणूस दहा ते सहाच्या दरम्यान येईल' असा निरोप आला की रविवार गेलाच म्हणून समजायचं. आंघोळ उरकायची घाई, भाजी आणायला जायची चोरी. त्याआधी चार दिवस फोनवर मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा. ज्या बाजूने हाकतील त्या बाजूने मी निमूट चाललो होतो. शेवटी वेळ जाईना म्हणून माळ्यावरून जुना प्लेस्टेशन टू खाली काढला आणि 'हर्डी गर्डी' हा गेम लावला.

नाव ऐकलं नसेल. 'टूम रेडर' गेममधल्या लारा क्रॉफ्टला सगळे ओळखतात, पण तिला घडवणाऱ्या कोअर डिझाइन कंपनीने २००२ साली हाही गेम काढला हे सांगितलं की लोक विषय बदलतात. यात बंदूक नाही. गर्डी नावाचा पोरगा, जादूने झोपवलेला त्याचा बाप आणि जनावरं हाकायची स्पर्धा, बस. डूप नावाचे चिमुकले जीव तुम्हाला बघून पळतात आणि त्यांना कोंडवाड्यात घालायचं असतं. ग्रॉम्प नावाचं अस्वलासारखं धूड डूप दिसला की गिळतं. मला हा गेम मनापासून आवडतो. येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पावणेसहाला फिल्टरवाला आला. पंचविशीचा असेल. दहा मिनिटं स्वयंपाकघरात खाटखूट झाली आणि मग पाठीमागून आवाज आला.

"ही मेंढरं हायेत व्हय?"

"डूप आहेत."

"डूप म्हंजी?"

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने डूपची व्याख्या कशी करावी? म्हटलं, "मेंढरांसारखेच."

"मग मेंढरागत हाका की. शेपटाला कशाला लागताय? मागनं पळू नका, सायेब. शेपटाला लागलं की ते बुजतं आन् बुजलं की फाकतं. बगलंनं या. खांद्याच्या जरा मागं. हां. आता थांबा. थांबा म्हणलं की!"

मी थांबलो. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर मी थांबलो आणि हा गृहस्थ आमच्या फिल्टरची मेंबरेन हातात धरून सतरंजीवर पाणी गाळत उभा.

तेवढ्यात ग्रॉम्प आला.

"लांडगा!"

"अस्वल आहे ते."

"आसंल. कुत्रं कुठाय तुमचं?"

"यात कुत्रं नसतं."

"वाघर तरी?"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हे मला त्या दिवशी कळलं. तीही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहुण्यांना दूध नसताना चहा विचारला.

"कुणी केलाय ह्यो गेम?"

"इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या लोकांनी," मी म्हटलं. "त्या गावच्या फुटबॉल संघाला एडके म्हणतात." ही माहिती कुणाला तरी ऐकवायची मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. वाया गेली.

गडी फलटणकडचा. वडिलांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा. रात्री खतासाठी शेतात मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. "आठवीत हुतो, तवा खंडाळ्याच्या घाटात दीडशे मेंढरं गाड्यांच्या कडंकडंनं न्हेलीत मी," तो म्हणाला. "तुमास्नी बारा आवरंनात."

हे लागलं. मग मी इंजिनीअर माणसाचं शेवटचं हत्यार काढलं. सांगितलं की १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने कळपाचं सगळं गणित तीन नियमांत मांडलंय. शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी जिकडे जातोय तिकडे वळा, घोळक्याच्या मध्याकडे सरका. संपलं.

त्याने मेंबरेन एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ह्यात म्होरक्या कुठाय?"

"म्होरक्या लागतच नाही."

"मग त्यानं पाखरं बघितली आसतील."

आता काय बोलणार? रेनॉल्ड्सने पाखरंच बघितली होती. त्याच्या त्या पडद्यावरच्या जीवांचं 'बॉइड' हे नावसुद्धा पक्ष्यावरून पडलेलं आहे.

पुढची वीस मिनिटं मी बटणं दाबली आणि हाकलं त्याने. बाराचे बारा डूप आत गेले. बायको चहा घेऊन बाहेर आली होती, तिने टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून नव्हे.

"आता मेंढरं कुठे असतात?" मी विचारलं.

"इकली. चारायला रान ऱ्हायलंय कुठं?" म्हणाला आणि मेंबरेन बसवायला आत गेला.

बिल साडेआठशे. कशाचे, ते पावतीवर इतक्या बारीक अक्षरात होतं की चष्म्यावर चष्मा लावावा लागला असता. मी ओटीपी सांगितला. जिन्यावरून त्याची पावलं ऐकू येत असतानाच मोबाइलवर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' आलं, आणि स्वयंपाकघरातून 'टप्' आलं.

परत फोन केला. येत्या रविवारी माणूस येईल, दहा ते सहाच्या दरम्यान. तोच पाठवा म्हणून सांगावं की तो सोडून कुणीही, हे अजून ठरत नाहीये. पुढच्या टप्प्यात दोन ग्रॉम्प आहेत.