समुद्र तासाभरावर असताना ड्रममध्ये मीठ का कालवायचं? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

घरच्या रीफ टाकीसाठी (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची काचेची टाकी) मिठाचं पाणी तयार करायचे दोन ड्रम बाल्कनीत कसे बसवले, त्या लेखाखाली तुम्ही परवा लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही नव्वदच्या दशकापासून खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळलीत, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ठाण्याहून तासाभरावर समुद्र असताना पाकिटातलं मीठ कालवणं ही चैन आहे. हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ याच पाण्यात वाढतात. तुम्ही एक बादली आणि एक काठी यांवर भागवलंत, काचेच्या हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता, आणि त्यावरून खारटपणा, दाखवणारी तरंगती नळी) १.०२२ ठेवलंत आणि क्लाउनफिशची जोडी सहा वर्षं जगवलीत. मग दोन ड्रम, पंप आणि पाइपांचा पसारा कशाला? आणि शेवटी, आरओ जितकं पाणी देतो त्याच्या तिप्पट गटारात घालवतो. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना हे शोभत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. मूळ लेखात मी वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, ती चूकच झाली. माझ्या टाकीला आठवड्याला पस्तीस लिटर बदली पाणी लागतं आणि वाफ होऊन उडालेलं भरायला रोजचं साधारण चार लिटर. म्हणजे आठवड्याला त्रेसष्ट लिटर शुद्ध पाणी, आणि एकास तीन या हिशेबाने जवळजवळ एकशे नव्वद लिटर बाहेर. बूस्टर पंप लावल्यावर दाब वाढला आणि ते एकास दोनवर आलं, तरीही सव्वाशे लिटर उरतंच. आता ती नळी मोरीत न सोडता तिसऱ्या पिंपात सोडली आहे. ते पाणी फरशीला, संडासाच्या टाकीला आणि खालच्या मजल्यावरच्या दोन गाड्यांना जातं. लेखातही ही भर आज घातली. तुम्ही टोकलं नसतं तर राहून गेलं असतं.

आता समुद्राच्या पाण्याबद्दल. हाजी अलीचा दाखला तुम्ही विचार करून दिलात, म्हणून तो बाजूला सारत नाही. तिथे प्रवाळ आहेत हे खरंच. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ असतात हे पहिल्यांदा कळलं. पण ते प्रवाळ त्या गढूळ पाण्याला पिढ्यान् पिढ्या सरावलेले आहेत आणि दिवसातून दोन भरत्या त्यांच्यावरून वाहून जातात. काही वाईट आलं तर ओहोटीबरोबर निघूनही जातं. माझ्या टाकीत मी जे ओतते ते तिथेच राहतं. वरळी आणि वांद्र्याहून शहराचं सांडपाणी लांब पाइपांतून समुद्रात सोडलं जातं, मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता खाली येते ती वेगळीच. खुल्या समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी, म्हणजे किलोभर पाण्यात पस्तीस ग्रॅम क्षार. जुलैत किनाऱ्यावरून भरलेल्या कॅनमध्ये किती निघेल हे त्या दिवशीचा पाऊस ठरवणार. प्रत्येक कॅन वेगळा, आणि तो गाळून, तपासून, लिफ्टमधून वर आणायचा. कोकणात बंदरापासून दूर, स्वच्छ पाण्याजवळ राहत असते तर कदाचित मीही मार्च-एप्रिलमध्ये समुद्राचंच पाणी आणलं असतं.

(वाचणाऱ्या नव्या मंडळींसाठी: किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. तुटका वाटला तरी तुकडा उचलून आणू नका. माझ्या टाकीत फक्त मऊ प्रवाळ आहेत: लेदर, मशरूम आणि झोअँथिड.)

मुंबईचं नळाचं पाणी मुळात मऊ आहे, मग आरओ तरी कशाला, असं एका दुसऱ्या वाचकाने विचारलं होतं. तलावांचं पाणी मऊ असतं हे कबूल. पण त्यात क्लोरीन असतं, आणि आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात त्यात बोअरवेलचं पाणी मिसळतं. एरवी नव्वदच्या घरात असलेला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरचा आकडा मे महिन्यात चारशेवर गेलेला मी पाहिला आहे. शिवाय स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं समजू नका. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी ते उत्तम, पण टाकीत त्यातूनच नायट्रेट आणि सिलिकेट जातं आणि मग काचेवर तपकिरी शेवाळ धरतं. म्हणून वेगळा आरओ, त्यापुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं, आणि मीटरवर शून्य.

आता तुमचा मुख्य प्रश्न: दोन ड्रम का?

एकाच ड्रमवर भागत नाही, कारण टाकीतून रोज उडतं ते गोडं पाणी. मीठ मागेच राहतं. ते चार लिटर खाऱ्या पाण्याने भरले तर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. नव्या लोकांकडून ही चूक फार होते. म्हणून एक शंभर लिटरचा ड्रम गोड्या आरओ पाण्याचा, त्यातून टॉप-अप होतं. आणि त्याच ड्रममधून पाणी दुसऱ्या शंभर लिटरच्या ड्रममध्ये घेऊन त्यात मीठ कालवायचं. मध्ये एक पंप आणि चार बॉल व्हॉल्व्ह. पंप एकच, व्हॉल्व्ह फिरवले की तो कधी गोडं पाणी पलीकडे ढकलतो, कधी खारं पाणी त्याच ड्रममध्ये घुसळतो, कधी लांब नळीने थेट टाकीत पोचवतो. तुम्ही ज्याला पसारा म्हणालात तो एवढाच.

बादलीत ढवळून काय बिघडतं? तुमच्या माशांचं काही बिघडलं नाही, हे मान्यच. मासे बरंच सोसतात. एकदा दहा टक्के पाणी बदलताना बादली ३५ ऐवजी ३३ ची झाली, तर टाकीत फरक पडतो ०.२ चा, कोणालाही कळणार नाही. पण बादलीची चूक बहुधा एकाच दिशेने होते, कारण माप तेच, हात तोच आणि न तपासलेलं उपकरणही तेच. अशी दहा आठवडे ३३ ची बादली ओतली की टाकी ३५ वरून ३३.७ वर येऊन बसते आणि आपल्याला वाटतं, मी तर काहीच बदललं नाही. शंभर लिटर एकदम कालवलं की ते रात्रभर फिरतं, सकाळी सावकाश मोजता येतं, कमी असेल तर मूठभर मीठ, जास्त असेल तर दोन लिटर पाणी. पुढचे जवळजवळ तीन आठवडे तेच पाणी.

दमट हवेत तर मोजण्याला पर्यायच नाही. पावसाळ्यात उघडं पाकीट ओलावा पितं, खडे धरतात आणि वजनात पाणीही मोजलं जातं. कोरडं मीठ मला लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं. ऑगस्टमध्ये त्याच वजनाला पाणी फिकं येतं. म्हणून तराजू फक्त अंदाजासाठी, शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे पाण्याच्या थेंबावरून खारटपणा दाखवणाऱ्या उपकरणाचा. तोही ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवलेला असावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावलं की शून्यापाशी तो खरं बोलतो, पस्तीसपाशी बोलेलच असं नाही.

कालवण्याची रीत मूळ लेखात घाईत उरकली होती, ती इथे नीट सांगते. आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ, तेही एका वेळी एक मगभर, मधे पाच-सात मिनिटं थांबून. उलटं केलं, म्हणजे तळाशी मीठ टाकून वर पाणी सोडलं, की सुरुवातीला खाली फार दाट द्रावण होतं. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरे होऊन बसतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. मी पहिल्या महिन्यात हेच केलं होतं. पाणी ताकासारखं दिसत होतं, दुसऱ्या दिवशी निवळलं, मला वाटलं झालं. ड्रम रिकामा केल्यावर तळाला बोट लावलं तर चुन्यासारखा खरखरीत थर होता. अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेटची) चाचणी लावली तर पाकिटावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन डीकेएचने (हे तिचं एकक) कमी. मीठ पैसे देऊन घेतलं आणि त्यातला कामाचा भाग ड्रमच्या बुडाला चिकटवला. हीटरही मीठ पूर्ण विरघळल्यावरच लावते, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात जास्त लवकर बसतं.

पंपाबद्दल एक कळकळीची विनंती, कारण दोन वाचकांनी घरातला जुना अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक वापरू का असं विचारलं आहे. वापरू नका. त्यात पाण्याला लागणारा भाग पितळेचा किंवा बिडाचा असतो. पितळात तांबं असतं, आणि तांबं माशांना एक वेळ सोसतं पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना नाही. माझ्याकडे पाइप जोडताना एका ठिकाणी पितळी व्हॉल्व्ह बसवला गेला आणि मी पाहिला नाही. सहा आठवड्यांनी त्याच्या मानेभोवती हिरवट थर चढलेला दिसला. त्याआधी आठवडाभर टर्बो गोगलगाई काचेवरून गळून वाळूत उताण्या पडत होत्या, मी त्यांना सरळ करत होते आणि कारण शोधत होते. व्हॉल्व्ह काढला, पाणी बदललं, पाणी गाळणारा कार्बन बदलला. पाचांपैकी दोन वाचल्या. सगळं पीव्हीसीचं हवं, आणि पंप मॅग-ड्राइव्ह (चुंबकाने फिरणारा), सिरॅमिक दांड्याचा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ओले हात, खारं पाणी आणि वीज एकाच कोपऱ्यात असतात.

वजनाचंही सांगते. शंभर लिटरचे दोन भरलेले ड्रम म्हणजे दोनशे किलोंच्या वर. म्हणून ते कठड्याला न ठेवता बाल्कनीच्या आतल्या भिंतीला लागून ठेवले आहेत. दोनशे लिटरचे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर घेऊ नका.

एवढं सगळं लिहूनही, मी ड्रम का सोडणार नाही याचं खरं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये माझा बबल-टिप अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) रात्री दगडावरून सुटला आणि वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीत ओढला गेला. पहाटे दोनला पाणी प्यायला उठले तर टाकी दुधाळ होती, समोरच्या काचेतून मागची दिसत नव्हती. क्लाउनची जोडी वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेला तोंड लावून होती. अमोनियाची (सडण्यातून पाण्यात उतरणाऱ्या विषाची) चाचणी पिवळी राहायला हवी, ती हिरवी आली. त्या क्षणी बादली असती तर आरओ चालू करून थेंब-थेंब पाणी जमवायचं, मग मीठ कालवायचं, मग ते विरघळायची वाट बघायची. माझा आरओ तासाला दहा-बारा लिटर देतो. नव्वद लिटरला सकाळचे दहा वाजले असते. ड्रममध्ये आदल्या रविवारी कालवलेलं पाणी तयार होतं. वेव्हमेकर बंद केला, चिंध्या जाळीने काढल्या, संपमध्ये (पाणी गाळायच्या वेगळ्या टाकीत) कार्बन ओतला, व्हॉल्व्ह फिरवला आणि पाऊण तासात नव्वद लिटर बदललं. अ‍ॅनिमोन गेला. बाकी सगळे राहिले. लेदर आठवडाभर मिटून बसला होता, मग उघडला.

तेव्हापासून खारा ड्रम तिसऱ्या हिश्श्याच्या खाली जाऊ देत नाही. झाकण घट्ट, पंप टायमरवर तासाला दहा मिनिटं. काही कंपन्यांचं मीठ कालवल्यावर त्याच दिवशी वापरायला सांगतात, काहींचं दोन-तीन आठवडे टिकतं. पाकिटावर वाचून त्याप्रमाणे घ्या. साठ लिटरची लहान टाकी असेल तर मात्र तुमची बादलीच योग्य. झाकणाची, पंप असलेली आणि आदल्या रात्री कालवलेली असली की झालं. हे मी मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

आता तुमचं १.०२२. जुन्या काचेच्या हायड्रोमीटरच्या मानेवर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं. तिथे ६० फॅरनहाइट असेल, तर अठ्ठावीस अंशाच्या पाण्यात दिसणारं १.०२२ म्हणजे खरं साधारण ३३ पीपीटी, समुद्रापेक्षा थोडंसंच कमी. तिथे २५ सेल्सिअस असेल तर तेच १.०२२ म्हणजे ३० च्या आसपास, आणि त्यात तुमची कोळंबी का टिकत नव्हती, ज्याचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात, त्याचं एक कारण सापडेल. तुम्ही तो अजून जपून ठेवला आहे म्हणालात. चष्मा लावून मानेवर काय छापलंय ते बघा आणि कळवा. प्रमाण द्रावणाची बाटली माझ्याकडे अर्धी शिल्लक आहे. कधी ठाण्याला आलात तर तुमचा हायड्रोमीटर त्यात सोडून बघू.