आल्बर्ट यांचं बीजगणित ‘बिनकामाचं’ होतं का?

“अमूर्त बीजगणित म्हणजे नुसता डोक्याचा खेळ. त्यात रमणारे जगापासून तुटलेले, एकलकोंडे. त्यांच्या कामाचा कुणाला उपयोग नाही.” या अर्थाचा मजकूर वरचेवर फिरतो. गणित घ्यावं की नाही या विचारात असलेली मुलंही तो वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं. शिकागोचे बीजगणिती ए. एड्रियन आल्बर्ट (१९०५–१९७२) यांच्या कामावर एकेक मुद्दा तपासू.

जगापासून तुटलेले? २२ नोव्हेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी दोनच आठवडे, आल्बर्ट यांनी कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावी गणितज्ञांपुढे व्याख्यान दिलं. विषय होता सांकेतिक लिपी. गुप्त संदेशांचं शास्त्र मुळात अमूर्त गणितच आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. त्यासाठी त्यांना बीजगणित सोडावं लागलं नाही.

एकलकोंडे तर मुळीच नाही. संख्याक्षेत्रांवरच्या (म्हणजे परिमेय संख्या वाढवून मिळणाऱ्या संख्यासमूहांवरच्या) सगळ्या डिव्हिजन अल्जिब्रा, म्हणजे भागाकार करता येणाऱ्या रचना, ‘सायक्लिक’, म्हणजे एका ठरावीक पद्धतीने उभारता येणाऱ्या, असतात, हे १९३१ मध्ये जर्मनीत ब्राउअर, हासे आणि एमी नोटर यांनी सिद्ध केलं. आल्बर्टही तिथवर जवळजवळ पोहोचले होते. हासेंशी त्यांचा पत्रव्यवहार होता, १९३२ मध्ये दोघांनी मिळून निबंध लिहिला, आणि आज ते प्रमेय चौघांच्या नावाने ओळखलं जातं. फाइट आणि थॉम्पसन या गणितज्ञांची गटसिद्धांतातल्या (सममितींचा अभ्यास करणाऱ्या बीजगणिताच्या शाखेतल्या) एका प्रमेयाची २५५ पानी सिद्धताही आल्बर्ट यांनी १९६०-६१ मध्ये शिकागोत त्या विषयासाठी भरवलेल्या खास संशोधन-वर्षात आकाराला आली.

राहिला उपयोग. डिव्हिजन अल्जिब्रात शून्य सोडून कशानेही भागता येतं, पण गुणाकाराचा क्रम बदलला तर उत्तर बदलू शकतं. आल्बर्ट यांनी ही रचना रेडिओसाठी अभ्यासली नव्हती, हे मान्य. पण अनेक अँटेनांतून संदेश पाठवताना तो मॅट्रिक्सच्या, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्याच्या, रूपात मांडतात. दोन वेगळ्या संदेशांच्या मॅट्रिक्सची वजाबाकी केली तर तिचा निश्चयक (मॅट्रिक्सवरून काढलेली एक संख्या; ती शून्य असली की त्या मॅट्रिक्सने भागता येत नाही) शून्य येऊ नये, नाहीतर सिग्नल क्षीण झाला की एकाच्या जागी दुसरा वाचला जाण्याचा धोका वाढतो. डिव्हिजन अल्जिब्रात ही हमी आयतीच मिळते: वेगळ्या घटकांची वजाबाकी शून्य नसते, म्हणून तिने भागता येतं, म्हणून निश्चयकही शून्य होत नाही. २००३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुंदर राजन व शशिधर आणि कॅलिफोर्नियातले सेतुरामन यांनी याच गुणावर संदेशांकनाच्या पद्धती उभ्या केल्या. त्यात त्यांनी सायक्लिक डिव्हिजन अल्जिब्राही वापरल्या.