पीडीएफ पेटीत किती येतात?

कोकणात सल्ल्याला पैसे पडत नाहीत. नारळाला पडतात, रिक्षाला पडतात, हल्ली किनाऱ्यावर गाडी लावायलाही पडतात. पण आंबा कसा पिकवायचा हे कुणाच्या पडवीत जाऊन विचारा. उत्तर, चहा आणि तुमच्या आजोळची चौकशी, सगळं एका बैठकीत फुकट मिळतं. अशा मुलखात, देवगड तालुक्यात बसून, मी 49 रुपयांना सल्ला विकतो.

कल्पना पुण्याच्या पुतण्याची. छोट्या छोट्या फायली लिहून ऑनलाइन कशा विकाव्यात, याचा त्याने एक कोर्स केला. "काका, आंबा कुजतो, फाइल कुजत नाही. एकदा लिहायची, मग झोपेत पैसे," असं तो म्हणाला. कोर्स शिकवणाऱ्याला तरी झोपेत पैसे मिळाले असणार, कारण पुतण्याने फी भरली ती रात्री दोन वाजता.

विषय शोधावा लागला नाही. मुंबई-पुण्याची माणसं हौसेने कच्च्या हापूसची पेटी मागवतात आणि ती घरी आली की बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या नवऱ्यासारखी तिच्याभोवती फेऱ्या मारतात. त्यांच्यासाठी 18 पानांची पीडीएफ, 'घरी आलेली पेटी'. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. खोली अंधारी पण हवेशीर. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, तो धड पिकत नाही आणि सालीवर डाग मात्र पडतात. दर दोन दिवसांनी अढी उपसायची, देठाजवळ वास घ्यायचा, तयार झालेलं फळ बाजूला काढायचं. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी का आहे, याला एक पान. साक्याला दोन पानं. साका म्हणजे गरातला तो पांढरट, भुसभुशीत, बेचव भाग. आंबा कापल्याशिवाय तो दिसत नाही, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली रेघही ओढली.

ही सगळी माहिती शेजारच्या तात्यांची. मी फक्त शुद्धलेखन घातलं, आणि तेही फाइल बनवताना गेलं. संगणकावर नीट दिसणारा 'पिकवा' फोनवर 'पकिवा' झाला, जोडाक्षरांचे पाय मोडले, 'दुसऱ्या' या शब्दाचं काय झालं ते सांगवत नाही. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणून निस्तरण्यात अख्खा पौष गेला. मग कळलं की ए-फोर आकाराचं पान फोनवर उघडलं की अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात. पान लहान केलं, अक्षर मोठं केलं, तेव्हा कुठे 11 पानांची 18 झाली. पुतण्या खूश झाला. पानं वाढली की किंमत वाढवता येते म्हणे.

ऑनलाइन पैसे घ्यायचे तर पॅन, बँक खातं आणि दुकानाचे नियम मागतात. नियमांत एक शिपिंग पॉलिसी. फाइल कुठल्या गाडीने जाते, किती दिवसांत पोचते, वाटेत फुटली तर जबाबदारी कुणाची, हे लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. 'माल तत्काळ पोचतो, फुटत नाही, सडत नाही' असं लिहून दिलं. मंजूर झालं. प्रत्येक विक्रीतून शेकडा दोनच्या आसपास कापतात, आणि त्या कापण्यावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाशीच्या बाजारात पेटी पाठवणाऱ्या माणसाला कापण्याची सवय असते.

घरात रेंज नाही, म्हणून फाइल चढवली ती सड्यावर जाऊन, कातळावर उकिडवं बसून. गुरं राखणारा एक पोर शेजारी येऊन बसला आणि टक्के मोजू लागला.

चैत्रात विक्री सुरू झाली. पैसे आले की फोन टिंग करतो. अडचण त्या टिंगनंतरची. फाइलवर माझा नंबर द्यावा म्हणजे विश्वास वाटतो, असं कोर्समध्ये सांगितलं होतं. दुपारी जेवून आडवा झालो की विश्वास वाटणारे फोन करतात.

"तुमचीच जाहिरात ना? एकोणपन्नास रुपये?" डोंबिवलीहून एक बाई.

"हो."

"डझन?"

"डझन नाही हो, पीडीएफ."

"पीडीएफ पेटीत किती येतात?"

मी समजावलं. आंबा नाही, आंब्याची माहिती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण देवगडचीच आहे ना? कर्नाटकची नाही ना?" यावर मात्र मला हसता येईना. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे आहेत, तरी बाजारात कुठलाही आंबा देवगडच्या खोक्यात बसतो. बाईंची शंका रास्त होती. मी शपथेवर सांगितलं, पीडीएफ देवगडची आहे. त्यांनी घेतली. आठवड्याने त्यांचा पुन्हा फोन. मुलाने 18 पानांची प्रिंट काढून दिली, त्या कागदांतच आंबे गुंडाळले, झकास पिकले. वाचलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

ठाण्याच्या एका गृहस्थांनी पैसे परत मागितले. पीडीएफ वाचूनही आंब्यात साका निघाला. मी ठळक अक्षरं दाखवली, रेघ दाखवली. त्यांनी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला. मी 49 रुपये परत केले. फाइल त्यांच्याकडेच राहिली, ती परत कशी घेणार?

वैशाखात हीच पीडीएफ मला आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. माझं नाव कापलेलं, वर 'जास्तीत जास्त शेअर करा' आणि दोन गुलाबाची फुलं. पुतण्या चवताळला. 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, नोंदणी केली नसली तरी हक्क लेखकाचाच, तो हयात असेपर्यंत आणि पुढे 60 वर्षं! मला 60 वर्षांनंतरचं चित्र दिसू लागलं. आमच्या आठ गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आत्ताच एवढी नावं आहेत की तलाठी पान उलटताना बोट ओलं करतो. त्यात 18 पानांच्या पीडीएफचे वारस लागायचे, मधल्या पानावर चुलत्यांची वहिवाट निघायची. जाऊ दे म्हटलं.

तात्यांचं म्हणणं वेगळंच. "ह्या सांगूचे पैशे घेतंस? माका इचारल्यानी असता तर फुकट सांगलंय असतंय." आणि खरंच सांगतात. आता मी फोन त्यांच्याकडे देतो. ते दुपारी झोपत नाहीत. गिऱ्हाइकाला अढीपासून सुरुवात करून त्याच्या आजोळापर्यंत नेतात, आणि फोन ठेवण्याआधी स्वतःच्या बागेतली एक पेटी विकतात. माझ्या फायलींहून त्यांच्या पेट्यांचा हिशेब चांगला लागला.

मृग लागला, पाऊस आला, आंबा संपला, आणि न कुजणारी फाइलही त्याच दिवशी संपली. जूनमध्ये अढी कशी लावावी हे कोण विचारतंय? पुतण्या म्हणाला, आता फणसाची काढू, आणि पहिलं पान फुकट ठेवू, लोकांना चटक लागते. मी लिहायला बसलो. पहिलीच ओळ: फणस कापण्याआधी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावावं. झालं. फणसाचं निम्मं शास्त्र फुकटच्या पानावर गेलं, पुढे विकायचं काय?

तात्या पडवीत सुपारी कातरत होते. म्हणाले, "मगे पयल्या पानार तेलाचा नाव काढू नको. हात चिकाटले काय दुसरा पान इकत घेवकच व्हया."

"पण तात्या, चिकट हातांनी फोनवर पैसे कसे भरणार?"

तात्यांनी अडकित्ता थांबवला. "ता तिसऱ्या पानार घाल."