'हां, नाटकाला आलोय, बोल!'

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. रविवारी बालगंधर्वांच्या आयुष्यावरच्या संगीत नाटकाला गेलो होतो, इथेच मुंबईत. नाटक उत्तम. गाणारा मुलगा तयारीचा, ऑर्गन आणि तबला समोर बसून वाजवणारे, ट्रॅकवर भागवलेलं नाही. आजच्या दिवसांत एवढा खर्च करून संगीत नाटक उभं करतं कोण? आणि त्याची माती केली ती प्रेक्षकांनी.

तिसरी घंटा झाली, मोबाइल बंद ठेवायची विनंती झाली, नांदी सुरू झाली, तरी लोक येतच होते. टॉर्च पाजळत, 'जी चौदा कुठंय हो?' करत, बसलेल्यांचे पाय तुडवत. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो हे मुंबईकराला काय नव्याने सांगायचं? माझ्या शेजारच्या आजी दुखऱ्या गुडघ्यांनी डोंबिवलीहून आल्या होत्या आणि पहिल्या घंटेच्या आधी जागेवर होत्या.

पण खरा संताप पुढच्या प्रसंगाचा. 12 मार्च 1911, 'मानापमान'चा मुंबईतला पहिला प्रयोग. त्याच दिवशी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, तान्ही लेक गेली. तरी त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही, नाटकाची नायिका भामिनी होऊन उभे राहिले. रंगमंचावर हेच चाललं होतं. नट आरशासमोर बसून कुंकू रेखतोय, बोटं थरथरतायत, ऑर्गनने नुसता एक सूर धरलाय. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं. आणि माझ्या पुढच्या रांगेत फोन कोकलला. गृहस्थांनी तो बंद नाही केला. आधी खिशातून चष्मा काढला, मग नाव वाचलं, मग उचलला. 'हां, नाटकाला आलोय, बोल.' बोल? अहो, नाटकाला आलायत ना, मग बोल काय? पुढची दोन-तीन मिनिटं गाडीची चावी कुणाकडे आहे याची चौकशी, सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशी. मी दोनदा 'शूऽऽ' केलं, तर माझ्याकडेच डोळे वटारून बघितलं.

तिकडे त्या नटाचा हात हलला. कुंकू भिवईवर ओघळलं. त्याने ते पुसलं नाही, तसाच उठला आणि पद लावलं. त्या पोराला मनापासून सलाम. पण तो क्षण गेला तो गेलाच, पुढच्या गाण्यातही सापडला नाही.

पोटची पोर गेली तरी ज्याने प्रेक्षकाचा विरस होऊ दिला नाही, त्या माणसाची कथा बघायला येता आणि दोन-अडीच तास फोन बंद ठेवता येत नाही तुम्हाला? बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणायचे. हे असले मायबाप?

8 जुलै 1921 ला याच मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं संयुक्त 'मानापमान' झालं. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. माइक नव्हता. गळ्यातला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, कारण माणसं ऐकायला बसलेली असायची. आज नटांना माइक आहेत आणि ऐकू येतो तो दुसऱ्याचा रिंगटोन. वर पद सुरू झालं की चार हात वर, रेकॉर्डिंग चालू. मागच्याला गाणारा दिसत नाही, चार उजळलेले स्क्रीन दिसतात.

मध्यंतरात दारावरच्या माणसाला जाऊन सांगितलं. तो बिचारा म्हणाला, 'साहेब, बोलायला गेलं की आमच्याच अंगावर येतात.' त्याचा दोष नाही, त्याच्या पाठीशी कोणी उभंच राहत नाही. 2019 मध्ये अभिनेते सुबोध भावेंनी याच त्रासावर जाहीरपणे राग व्यक्त केला होता, तेव्हा नाट्यगृहात मोबाइल जॅमर बसवायच्या चर्चाही झाल्या. आज बघा, काय फरक पडला?

माझं नटांना आणि निर्मात्यांना हात जोडून सांगणं आहे, सहन करू नका. फोन वाजला की पडदा पाडा, सभागृहातले दिवे लावा, त्या माणसाला पैसे परत देऊन बाहेर काढा आणि मग तो प्रवेश पहिल्यापासून करा. आम्ही थांबू. त्या आजींची शेवटची गाडी चुकली तर मी त्यांना स्वतः डोंबिवलीला सोडून येईन.