सामरीचा अपमान

गेल्या शनिवारी मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला घाबरवण्याचा प्रयत्न केला आणि सपशेल तोंडावर आपटलो. निमित्त होते रामसे बंधूंच्या १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'चे. हा चित्रपट मी लहानपणी चाळीत, वर्गणी काढून एका रात्रीपुरत्या आणलेल्या व्हीसीआरवर, चादरीच्या भोकातून पाहिला होता आणि त्यानंतर कित्येक महिने गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासात जाण्यासाठी वडिलांना रात्री दोन वाजता उठवत असे. धड एकीकडे आणि शिर पेटीत बंद, असा त्यातला तो सैतान सामरी एवढी यातायात करून नेमका आमच्याच संडासात का येईल, असे वडील अर्धवट झोपेत विचारीत. त्याचे समाधानकारक उत्तर मला कधी देता आले नाही.

मुलीने सामरीला निरखून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, हा दात घासत नाही का?" पुढे मायलेकी इतक्या हसल्या की शेजारच्या काकूंनी कोणता विनोदी चित्रपट लावला आहे, याची दारात येऊन चौकशी केली.

"आमच्या वेळची भुतं निदान गात तरी होती," कोपऱ्यातून वडील म्हणाले. तेही खोटे नव्हे. १९४९च्या 'महल'मधली मधुबाला लताबाईंच्या आवाजात गाते आणि अखेरीस माळ्याची मुलगी निघते. १९६२च्या 'बीस साल बाद'मध्येही करामत माणसाचीच असते. त्या प्रेक्षकाला घरी जाताना तेवढा दिलासा मिळत असे. रामशांनी तो काढून घेतला खरा, पण त्यांची भुते राहत हवेलीत किंवा पडक्या देवळात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपवणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला, संडास वगळता, ते भय परवडण्यासारखे होते. भुताला पाय ठेवायलाही आमच्याकडे जागा नव्हती. खरा घात केला तो २००३च्या 'भूत'ने. राम गोपाल वर्मांनी भुताला थेट मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणून बसवले, आणि तेही मी नुकतेच सातव्या मजल्यासाठी गृहकर्ज काढले असताना!

आता तर हसण्यासाठीच भूत पाहायला जातात. ज्या मुंज्याच्या धाकाने आजी मला तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ देत नसे, त्याच्यावरचा २०२४चा 'मुंज्या' माझ्या कन्येने पॉपकॉर्न खात पाहिला आणि तो किती गोड आहे, हे सांगत ती घरी आली.

"मग तुला भीती तरी कशाची वाटते?" मी वैतागून विचारले.

तिने जरा विचार केला. "रात्री लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते, दार उघडतं आणि आत कोणीच नसतं ना, त्याची," असे म्हणून ती शांतपणे झोपायला गेली.

तेव्हापासून मी सातही मजले जिन्याने चढतो. व्यायामाचा सल्ला अखेर मनावर घेतल्याबद्दल परवा डॉक्टरांनी माझे कौतुक केले.