चर्चिल तसं म्हणाल्याचा पुरावा नाही

मंदीत कलांचं अनुदान कापायची भाषा सुरू झाली की एक किस्सा हमखास फिरू लागतो. दुसऱ्या महायुद्धात कलांचा निधी लढाईकडे वळवा असं कुणी सुचवलं, तेव्हा चर्चिल म्हणाले, "मग आपण लढतोय कशासाठी?"

वाक्य टाळ्यांचं आहे, मीही एकदा भाषणात ठोकून दिलंय. पण चर्चिल यांच्या भाषणांत, पत्रांत अभ्यासकांना ते कुठेही सापडलेलं नाही.

सापडतं ते वेगळं. १९३८ साली रॉयल अकॅडमीत ते म्हणाले होते की कलांशिवाय राष्ट्रजीवन पुरं होत नाही आणि त्यांना आधार देणं हे राज्यसंस्थेचं कर्तव्य आहे. १९४० मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं कॅनडाला हलवायचं घाटत होतं, ते त्यांनी साफ फेटाळलं: गुहा-तळघरांत लपवा, पण एकही चित्र देशाबाहेर जाता कामा नये. चित्रं मग वेल्समधल्या स्लेटच्या खाणीत गेली. सर्वांत मोठं चित्र रेल्वेपुलाखालून जाईना, म्हणून रस्ताच खणून खाली घेतला!

राहिला पैशाचा मुद्दा. संगीत आणि कलांना उत्तेजन देणारी परिषद १९४० च्या जानेवारीत, म्हणजे चर्चिल पंतप्रधान होण्याआधीच उभी राहिली होती. तिला सरकारी पैसाही मिळू लागला, आणि तो ऐन युद्धात चालू राहिला. १९४२ पासून तिचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ केन्स. १९४६ मध्ये तिचंच आर्ट्स कौन्सिल झालं.